वाचा बसते तेव्हा

भीतीने, दुःखाने किंवा अनावर संतापाने माणसाचे बोलणे काही काळ थांबते, हा अनुभव मराठी भाषेला नवा नाही. वाचा बसणे, बोबडी वळणे, दातखीळ बसणे, तोंडातून शब्द न फुटणे असे किती तरी वाक्प्रचार तिने या एका गोष्टीसाठी करून ठेविले आहेत. अंधारात पायाशी साप दिसला तर पट्टीच्या वक्त्याचीही बोबडी वळेल आणि त्याबद्दल त्यास कोणी दोष देणार नाही. कारण साप सर्वांनाच दिसलेला असतो. परंतु पाहणारास साप दिसत नाही, दिसते ती केवळ बँकेची खिडकी, लग्नघरातील पंगत किंवा कचेरीतील वरिष्ठांची खोली; आणि अशा ठिकाणी एखाद्या शिकल्यासवरल्या, काल संध्याकाळपर्यंत नीट बोलत असलेल्या माणसाची वाचा बसली, तर त्या प्रकाराला काय म्हणावे हे कोणास सुचत नाही. मग हाताशी असतील ते शब्द उपयोगात येतात. घुमा, आढ्यताखोर, हट्टी, ढोंगी, असे ते शब्द होत.

ज्यांच्या मेंदूची घडणच जन्मतः निराळी असते आणि ज्यांच्या त्या घडणीला वैद्यकात ‘ऑटिझम’ म्हणतात, त्यांपैकी अनेक प्रौढांच्या वाट्याला हा प्रसंग वारंवार येतो. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. शब्द डौलदार आहे, परंतु त्यात एक खोच राहून गेली आहे. हा मनुष्य आपल्यातच रमला आहे, जगाकडे त्याने पाठ फिरविली आहे, असे त्या शब्दावरून वाटते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. दिव्याचा झगझगाट, पंख्याची घरघर, शेजारच्या टेबलावरील बोलणे, कोणाच्या अंगावरील अत्तराचा वास, हे सर्व जग एकाच वेळी आणि एकाच जोराने त्याच्यावर येऊन आदळत असते. त्याला त्यातून बाजूला होता येत नाही, हीच त्याची अडचण होय.

एक प्रसंग कल्पावा. एका महाविद्यालयात गणित शिकविणारी पस्तिशीची बाई आहे. वर्गात ती तास तास बोलते. तिला ऑटिझम आहे हे तिला स्वतःलाही कळले ते तिशी उलटल्यावर. एके रात्री तिच्या सासऱ्यांना एकाएकी चक्कर येऊन ते पडतात. दीर आणि ती त्यांना घेऊन रुग्णालयात येतात. पांढरे दिवे, चाकाच्या खाटांचा खडखडाट, कोठे तरी अखंड वाजणारी घंटी. आणि तिघे जण तिला एकदम प्रश्न विचारीत आहेत. मामंजींची औषधे तीच रोज काढून देते. प्रत्येक गोळीचे नाव, तिचे प्रमाण, शेवटची गोळी किती वाजता दिली, सारे तिला पाठ आहे. परंतु तोंड हालत नाही. प्रश्न पुन्हा येतो, या वेळी जरा चढ्या आवाजात. दीर म्हणतो, “अहो वहिनी, बोला ना! आत्ता गाडीत तर बोलत होता.” शेवटी तरुण डॉक्टर घाईने विचारतो, “म्हणजे बाकी कसलंच औषध चालू नाही, असंच ना?” आणि तिच्या तोंडून एक शब्द निसटतो : “हो.”

मामंजी दोन वर्षांपासून रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत आहेत.

या प्रसंगातील सर्वांत धोक्याची गोष्ट ती न बोलण्याची नव्हे, तो ‘हो’ ही आहे. ज्यांची वाचा अशी जाते त्यांतील कित्येकांची ती सर्वस्वी जात नाही. काही तयार शब्द जिभेवर शिल्लक राहतात : हो, ठीक आहे, काही नाही, चालेल. हे शब्द विचार करून आलेले नसतात. प्रश्नाच्या शेवटी जो सूर असतो त्याला ते नुसते प्रतिध्वनीसारखे उठतात, आणि समोरच्याला मात्र ते उत्तर वाटते. कोणाची वाचा पूर्णपणे बंद होते, कोणाला एकेक शब्द ओढून काढावा लागतो. कोणाला बोलता येत नाही परंतु लिहिता येते. कोणाचे लिहिणेही त्या वेळी थांबते. काही मिनिटांत सारे पूर्ववत होते असेही घडते, आणि दोन-दोन दिवस लागतात असेही घडते. अनुभव सांगणारे बहुतेक जण मात्र एका बाबतीत एकमत आहेत : विचार चालू असतो. वाक्य डोक्यात तयार असते, केवळ ते तोंडापर्यंत पोहोचत नाही. काहींचा अनुभव याहून खोल जातो. त्यांच्या डोक्यातीलही शब्दच विरून जातात आणि उरतात ती चित्रे अथवा नुसती जाणीव. परंतु त्यांचीही समज गेलेली नसते.

असे का व्हावे, याचा पुरता उलगडा शास्त्राला अद्याप झालेला नाही. पण काही धागे हाती आहेत. बोलणे ही मनुष्याच्या सर्व हालचालींत अत्यंत गुंतागुंतीची हालचाल होय. श्वास, कंठ, टाळू, जीभ आणि ओठ यांना एका सेकंदात दोन-तीन शब्दांच्या वेगाने एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. पॅरिसमधील शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ साली अशा एका रुग्णाचे वर्णन केले की, त्यास सांगितलेले समजत असे, परंतु ‘टॅन’ या एका अक्षराखेरीज बहुधा काही बोलता येत नसे. मेंदूच्या डाव्या बाजूचा जो भाग त्याच्या बाबतीत बिघडलेला आढळला तो आज ब्रोकांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १९९६ साली बोस्टन येथे स्कॉट राउश व त्यांचे सहकारी यांनी, भयंकर आघात सोसलेल्या आठ रुग्णांना त्यांचीच हकिकत ऐकवून त्या वेळच्या त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. तेव्हा याच भागातील चलनवलन मंदावलेले दिसले. येल विद्यापीठातील एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनाने दाखविले आहे की, आपल्या काबूत नाही असा ताण आला की मेंदूच्या पुढील भागाचे, म्हणजे योजना व निवड करणाऱ्या भागाचे काम झपाट्याने दुबळे होते आणि जुन्या, झटपट, प्राणरक्षणाच्या यंत्रणा कारभार हाती घेतात. हे प्रयोग ऑटिझमवर केलेले नव्हते, म्हणून त्यांतून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही. तथापि ताणाखाली बोलणे बंद पडणे हे देहाच्या व्यवहारातले आहे, स्वभावातले नव्हे, एवढे म्हणावयास त्यांचा आधार पुरेसा आहे. ज्याला रोजचा बाजारच रणांगणासारखा भासतो त्याच्या बाबतीत ती मर्यादा लवकर गाठली जाते, इतकेच.

वैद्यकाला मात्र हे मान्य करावयास फार वेळ लागला, आणि त्याची साक्ष त्याने दिलेल्या नावांतच सापडते. १८७७ साली जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी काही ठिकाणी न बोलणाऱ्या माणसांच्या या अवस्थेला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ ‘स्वेच्छेने आलेला वाचाभंग’ असा होतो. १९३४ साली स्विस वैद्य मोरिट्स ट्रामर यांनी ‘इलेक्टिव्ह म्यूटिझम’, म्हणजे पसंत केलेले मुकेपण, असे नाव सुचविले. मूल बोलत नाही कारण त्याने न बोलण्याचे ठरविले आहे, हा आरोप या दोन्ही नावांत उघड आहे. १९९४ साली अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथात ‘इलेक्टिव्ह’च्या जागी ‘सिलेक्टिव्ह’ हा शब्द आला, तो हाच आरोप काढून टाकण्यासाठी. आणि २०१३ च्या आवृत्तीत या विकाराची गणना चिंताविकारांत झाली. नाव बदलले खरे, पण ‘सिलेक्टिव्ह’ या शब्दातही निवड आहेच! जणू मूल पाटीवर दोन याद्या करून बसले आहे, यांच्याशी बोलावयाचे आणि यांच्याशी नाही. एकशे सतरा वर्षांत शास्त्राने इच्छेपासून निवडीपर्यंत मजल मारली. तेथून पुढे ते अद्याप सरकलेले नाही.

ऑटिझमच्या इतिहासात चूक निराळ्या वाटेने शिरली. १९४३ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यांत आठ मुले बोलणारी होती आणि तीन न बोलणारी. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील हान्स आस्पर्गर यांनी मोठ्या माणसाप्रमाणे पंडिती थाटात बोलणाऱ्या मुलांचे वर्णन केले. तेव्हापासून दोन कप्पे मनात पक्के बसले : बोलणारे आणि न बोलणारे. १९९४ च्या ग्रंथात आस्पर्गर यांच्या नावाने जे निदान आले त्याची तर अटच अशी होती की, लहानपणी भाषा येण्यास उशीर झालेला नसावा. ज्याला भाषा वेळेवर आली त्याला बोलण्याची अडचण ती कसली, असा समज त्यातून आपोआप झाला. २०१३ साली ते वेगळे निदान रद्द झाले. समज तसाच राहिला. सोमवारी बोलणारा आणि मंगळवारी न बोलू शकणारा मनुष्य कोणत्या कप्प्यात ठेवावा, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारला तो पुढे त्या माणसांनीच, मुले मोठी होऊन आपल्या हकिकती आपण लिहू लागल्यावर.

त्यांच्यातही या अवस्थेला काय म्हणावे याबद्दल मतभेद आहे. थोड्या वेळापुरती वाचा जाणाऱ्यांनी स्वतःला ‘नॉनव्हर्बल’ म्हणवून घेऊ नये, असे काहींचे आग्रहाचे म्हणणे आहे. कारण ज्यांना जन्मभर बोलता येत नाही त्यांच्या वाट्याची हाल-अपेष्टा त्या शब्दाने हलकी होते. हे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. मराठीला तर ही अडचण पडू नये. ‘मुका’ आणि ‘वाचा बसलेला’ यांतील भेद आपल्याकडे मुलांनाही कळतो.

या सर्व प्रकाराचे जगजाहीर उदाहरण द्यावयाचे तर ते स्वीडनमधील ग्रेटा थुनबर्ग यांचे होय. त्यांचा जन्म २००३ सालचा. त्या अकरा वर्षांच्या असताना आजारी पडल्या. त्यांचे खाणे सुटले आणि बोलणेही. आई मालेना अर्नमन या ऑपेरा गाणाऱ्या नामांकित गायिका; तेव्हा ज्या घरी कंठ हीच दौलत त्याच घरी हे घडले. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये ही मुलगी हातात फलक घेऊन स्टॉकहोमच्या संसदगृहाबाहेर एकटीच बसली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात बोलली, हे सर्वश्रुत आहे. आपल्याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम आहे, म्हणजे जरूर असेल तेव्हाच आपण बोलतो, असे त्यांनी २०१८ च्या एका व्याख्यानात विनोदाने सांगितले. विनोद उत्तम आहे. मात्र तो व्याख्या म्हणून घेणारे लोक निघाले, तर ग्रेटाबाईंनी जे सोसले ते पुन्हा त्या जुन्या लॅटिन नावाखाली जाऊन बसेल.

प्रौढांच्या बाबतीत एक गोष्ट आणखी कठीण होऊन बसते. त्यांना बोलता येते हे सर्वांनी पाहिलेले असते. लोकांत वावरताना ही माणसे पुष्कळदा इतरांचे हावभाव, बोलण्याची लकब, डोळ्याला डोळा देण्याची रीत शिकून घेतात आणि दिवसभर ती सांभाळतात. त्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अमेरिकेतील पोर्टलँड येथे डोरा रेमेकर व त्यांचे सहकारी यांनी ऑटिझम असलेल्या प्रौढांच्या मुलाखतींवरून २०२० साली जे लिहिले त्यात, अशा दीर्घ श्रमाने येणारा थकवा, येत असलेली कौशल्ये गमावणे आणि गोंगाटादी गोष्टी सहन करण्याची शक्ती घटणे, अशी लक्षणे दिली आहेत. बोलणे हेही त्या गमावलेल्या कौशल्यांपैकीच एक असू शकते. घरी येऊन जो मनुष्य दार लावून अंधारात पडून राहतो त्याला घरची माणसे विचारतात, कचेरीत सर्वांशी बोलतोस आणि आमच्याशीच का नाही? वास्तविक कचेरीत बोलला म्हणूनच तो आता बोलू शकत नाही. नव्या सुनेच्या बाबतीत तर याची चर्चा थेट माहेरपर्यंत जाते. “सूनबाई तोंडच उघडत नाहीत,” हे वाक्य काळजीने म्हटले जाते की तक्रारीने, हे ऐकणारास बरोबर कळते.

अशा वेळी समोरच्याने काय करावे हे अवघड नाही, परंतु स्वभावाच्या विरुद्ध आहे. उत्तर आले नाही की मनुष्य प्रश्न पुन्हा विचारतो. मग शब्द बदलून विचारतो. मग मोठ्याने विचारतो. प्रत्येक वेळी अडलेल्याच्या डोक्यातील अर्धवट जुळलेले वाक्य मोडते आणि त्यास पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. नभोवाणीवर पाच सेकंद काही ऐकू आले नाही तर श्रोता उठून यंत्राची कळ फिरवू लागतो. इतके मौन असह्य असते. येथे पाच सेकंदांनी भागत नाही. प्रश्न एकदाच विचारावा, एकानेच विचारावा, आणि थांबावे. दिवा मंद करता आला तर करावा, बाजूच्या शांत खोलीत नेता आले तर न्यावे. ‘माझ्याकडे बघून बोला’ असे म्हणू नये. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागेल असे प्रश्न पुष्कळांना सोपे जातात. परंतु महत्त्वाच्या बाबतीत तोच प्रश्न उलट करून एकदा विचारून पाहावा, म्हणजे तो ‘हो’ खरा होता की प्रतिध्वनी, ते उघड होते.

आणि कागद पुढे करावा.

बोलू न शकणाऱ्यांसाठी साधने आता उदंड आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले ‘जेलो’ हे साधन चित्रावर बोट ठेवताच मराठीतून बोलते. चेन्नईचे ‘आवाज’ही तसेच आहे. ती मुख्यतः मुलांसाठी निघाली. प्रौढाला पुष्कळदा खिशातील साधा फोनही पुरतो. त्यावर अक्षरे टंकून दाखवावीत किंवा त्याच्याकडून वाचून घ्यावीत. इंग्लंडमध्ये ‘मला ऑटिझम आहे’ असे सांगणारे छोटे कार्ड जवळ बाळगण्याची सोय आहे, आणि लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१६ साली सुरू केलेली सूर्यफुलांची हिरवी फीत आता अनेक देशांत गळ्यात दिसते. साधनांची वाण नाही. वाण आहे ती लाज न वाटण्याची. २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात, एरवी बोलणाऱ्या आणि तरीही अशी साधने वापरणाऱ्या ऑटिस्टिक प्रौढांचे अनुभव नोंदविले आहेत. बोलता येत असताना हे कशाला, या प्रश्नाला त्यांनाही तोंड द्यावे लागतेच.

लिहून सांगणे हे बोलण्यापेक्षा कमी प्रतीचे, ही समजूत आपल्या देशात तरी रुजावयास नको होती. गांधीजी सोमवारी मौन पाळीत आणि काही सांगावयाचे झाल्यास चिठ्ठीवर लिहून देत. २ जून १९४७ हा दिवस सोमवार होता. देशाच्या फाळणीची योजना पुढाऱ्यांपुढे ठेवल्यावर त्याच दिवशी माउंटबॅटन यांची गांधीजींशी भेट झाली, आणि वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून गांधीजींनी आपले म्हणणे व्हाइसरॉयपुढे मांडले. ‘काल तर बोलत होता’ असे व्हाइसरॉय म्हणाले नाहीत. ज्याने मौन स्वतः पत्करले त्याच्या चिठ्ठीला राजवाड्यात मान होता. ज्याच्यावर ते कोसळले त्याच्या चिठ्ठीकडे बँकेतील कारकून संशयाने पाहतो.

कायदा या बाबतीत कारकुनापेक्षा उदार आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११९ वे कलम सांगत असे की, बोलण्यास असमर्थ असलेल्या साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी, न्यायालयासमक्ष साक्ष द्यावी. आणि तशी दिलेली साक्ष तोंडी साक्षच समजली जावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या १२५ व्या कलमात ही तरतूद कायम आहे. असमर्थता जन्माची असावी असे त्या कलमात म्हटलेले नाही. १९४० च्या दशकात पाटणा उच्च न्यायालयाने तर मौनव्रत घेतलेल्या मनुष्यालाही या कलमाखाली बसविले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमचा समावेश आपल्या यादीत केला आणि ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत लिखित मजकूर स्पष्टपणे घातला. इतके सर्व छापलेले आहे. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या खिडकीशी ते कोणास आठवत नाही, हा भाग वेगळा.

त्या गणिताच्या बाईंच्या हातात पेन दिले ते एका परिचारिकेने. तिने काही वाचलेले नव्हते. बाईंची बोटे पदराच्या काठावर लिहिल्यासारखी हालत आहेत, एवढे तिला दिसले. तिने जवळची एक जुनी पावती उलटी करून पुढे सरकविली आणि ती बाजूला जाऊन उभी राहिली. बाईंनी पाच ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचे नाव, प्रमाण आणि ‘रात्री साडेआठ’ अशी वेळ होती. तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. डॉक्टरने ती ओळ वाचली आणि हातातले औषध खाली ठेवले.

त्यांची वाचा परत आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघरात. जावेने चहाचे आधण ठेविले होते. पातेल्यात डोकावून त्या म्हणाल्या, “दूध नासलंय.”